उलाळलेली गाडी

मंडळाच्या सगळ्या गाड्या आमराईत शिरल्या आणि आंब्याखाली सुटल्या. रतनबाईनं मात्र आपली गाडी आमराईच्या उगवतीच्या कडेला, भर उन्हात, मंडळानं आखलेल्या चुन्याच्या ओळीकडे पाठ करून सोडली. बैल तेवढे सावलीला नेऊन बांधले.

"रतनभाऊ, जागंसाठी मंडळात आलीस आन् उन्हात बसलीस?" आंब्याखालून बाजीराव ओरडला. सगळे हसले.

"बसू द्या. माजी जागा हितंच हाय."

गाडीवान भाऊ मंडळात ती आल्याला महिनाही झाला नव्हता. तिला नवरा नव्हता, पण गाडी होती, आणि 'ज्याची गाडी तो भाऊ' हा नेम मंडळाच्या म्हाताऱ्यांनीच करून ठेवलेला. चाकावर नारळ फुटला, कपाळाला भंडारा लागला. "कशापायी येतीस?" असं मुख्य दत्तोबानं रिवाजाप्रमाणं विचारलं, तेव्हा सगळे म्हणतात तसं 'भाऊपणापायी' म्हणायचं सोडून ही म्हणाली, "जत्रंतल्या जागंपायी." खोटं कशाला बोला? टाकवे गावापर्यंत एस.टी. आली तरी जत्रेला माणसं गाडीनंच येत, मुक्कामाला राहत, आणि देवीच्या डोंगराखाली सावली आणि विहीर होती ती एवढ्या आमराईतच. आमराई मंडळाची.

चुन्याच्या ओळीपलीकडं उघडा कातळ होता. तिथं डोंगरवाडीची माणसं टेकली होती. हिरी, तिचा म्हातारा सासरा नवशा, आणखी चार-सहा जण. त्यांच्यात कुणाकडं गाडी नव्हती. बाहेरच्यानं ओळ ओलांडायची नाही आणि विहिरीचं पाणी ओळीबाहेर न्यायचं नाही, हाही मंडळाचाच नेम. गेल्या साली रतनबाईलाही त्याच कातळावर बसवलं होतं. तेव्हा हिरीनं वाडीवरून डोक्यावर आणलेल्या हंड्यातलं अर्धं पाणी तिला ओतून दिलं होतं. ते पाणी ती विसरली नव्हती.

आता हिरीचा हंडा पालथा पडला होता आणि नवशा कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होता. रतनबाईनं घागर उचलली, तसा दत्तोबा आलाच.

"नेम ठावा हाय न्हवं? पानी फकस्त गाडीच्या मानसाला."

"गाडीचं मानूस म्हंजी कोन, भाऊ? मी नवी हाय. समद्यांदेखत सांगा एकदा."

नेम सांगायचा म्हटलं की दत्तोबाला भारी चेव यायचा. त्यानं आवाज चढवला. "गाडीत बसून आलं त्ये. न्हाईतर गाडीच्या सावलीत बसलं त्ये. तिसरं कुनी न्हाई!"

"ऐकलं समद्यांनी?" म्हणत तिनं घागर खाली ठेवली.

गाडीची सावली तेव्हा चाकाखालीच होती; कोंबडी मावली नसती. रतनबाई डोक्यावर पदर घेऊन तिथंच बसून राहिली. "कानामागून आली आन् तिखट झाली," असं कुणीतरी पुटपुटलं. तिच्या अंगाची लाही होत होती, ती उन्हानं कमी आणि रागानं जास्त. भीती एकच वाटत होती. चैत्राचं आभाळ, एखादा ढग आडवा आला तर?

ढग आला नाही. सूर्य लोणावळ्याच्या अंगाला कलला, सावली चाकाखालून निघाली आणि ओळ ओलांडून कातळावर गेली. पण एवढ्या सावलीत सगळी मावेनात. मग रतनबाई उठली. गाडीच्या मागच्या टोकाला लोंबकळून तिनं सगळा भार टाकला. गाडी उलाळली. जू आभाळात गेलं, बसायचा साटा भिंतीसारखा उभा राहिला आणि त्याची सावली पार हिरीच्या पायांपर्यंत पोचली.

"बसा गं सावलीत! नवशाआबा, तुमी बी बसा. आता तुमी समदी माज्या गाडीची मानसं."

सगळी सरकून बसली. दत्तोबा धावत ओळीवर आला. "ह्यो चावटपना हाय! सांजंला दिवस बुडंल, सावली जाईल. मग गं?"

"भाऊपन सावलीसंगं जातं व्हय, दत्तोबाभाऊ?" रतनबाई म्हणाली. "तसं असंल तर आत्ताच सांगा. आंब्याखालच्यांना बी रातीचं उठवावं लागंल."

आंब्याखाली कुणी हसलं नाही.

हिरीनं हंडा उचलला आणि सावलीतूनच चालत ती ओळीपाशी आली. समोर दत्तोबा उभा होता, रतनबाईच्या गाडीच्या सावलीत. तिला वाट द्यायला त्याला उन्हात सरकावं लागलं.