नमुन्याचा दिवस

नदीच्या पाण्याचा नमुना दर तीन महिन्यांनी घ्यायचा, असं नियमात होतं. कारखान्याला आधी कळवू नये, असं मात्र कुठेच नव्हतं. त्यामुळे पर्यावरण सल्लागार चार दिवस आधी न चुकता फोन करायचे, कारखाना तेवढ्यापुरतं सांडपाणी टाकीत अडवून धरायचा, आणि अहवालात एक अक्षर खोटं नसायचं. याचा त्यांना अभिमानच होता.

आजही नदीचा तळ स्वच्छ दिसत होता. त्यांनी बाटली तीनदा विसळली, भरली, बूच घट्ट लावून वर चिठ्ठी चिकटवली. मान वर करून बघतात तर काठावर ही गर्दी! बायका हंडे, बादल्या भरत होत्या, पोरं डुंबत होती.

ते लगबगीने बायकांजवळ गेले. "रोजच भरता का हो इथलं पाणी?"

"छे! एरवी बोटसुद्धा बुडवत नाही," बादली खाली टेकवत एक म्हातारी म्हणाली. "तुमची गाडी दिसली की धावत सुटतो. पण साहेब, एवढं करा. कारखान्याला कळवता ना, तसं आम्हालाही चार दिवस आधी कळवत जा. दर वेळी पांघरुणं धुवायची राहून जातात."