सुभेदारांचं वैराग्य

सुभेदार गिरिधरराव ठवकर फौजेतून रिटायर होऊन सक्करदऱ्यात राहायला आले, तरी पलंगावरची गादी कोरी ठेवून खाली सतरंजीवरच झोपत. सुमतीबाईंनी साऱ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं, "आमच्या यायले संसाराची आसक्तीच नाही वं!" मग काय, स्वतः चटईवर झोपणाऱ्या आणि त्यागासाठी पार काटोलपर्यंत नावाजलेल्या कीर्तनकार बुवांनी त्यांना भर कीर्तनात पुढे बोलावलं, गळ्यात हार घातला आणि माइक पुढे केला, "सुभेदारसाहेब, हे वैराग्य अंगी आलं कसं? लोकायले सांगा."

मागे गाभाऱ्यात दत्त महाराज, समोर पहिल्याच रांगेत सुमतीबाई. खोटं बोलावं तर मागचे ऐकणार, खरं बोलावं तर पुढची घरी गेल्यावर ऐकवणार. गिरिधररावांनी माइक बाजूला सारला आणि बुवांच्या कानाशी लागले.

"कायचं वैराग्य, महाराज! बॅरेकमध्ये रोज सकाळी बिछाना तपासत. चादरीले एक सुरकुती दिसली का हवालदार डोक्यावर ट्रंक देऊन मैदानभर पळवे. म्हणून आम्ही सारे पोट्टे बिछाना आवरलेलाच ठेवून खाली झोपत होतो. तो धाक अजून जात नाही. हा हार घ्या वापस."

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या, माइकवर हात दाबून धरला आणि हळूच म्हणाले,



"हार राहू द्या, साहेब. माझं वैराग्यबी बॅरेकमधलंच आहे."