पिवळा फ्रॉक

"दोन वर्षांची मुलगी, पिवळा फ्रॉक," प्रणिता सकाळपासून एकेका पूरछावणीला फोन करून सांगत होती. मदतसंस्थेच्या ऑफिसात ती फोन आणि गाड्या सांभाळायची. आज मांडीवर ही सापडलेली, मुकी मुकी पोर होती.

"इथं एक आई रडतीया, ताई. पण तिची लेक लाल फ्रॉकात होती," नदीपलीकडच्या छावणीतून उत्तर आलं.

प्रणिताने हताश होऊन फोन ठेवला. तेवढ्यात व्हरांड्यातून चार मुली खिदळत गेल्या, चौघीही पिवळ्या फ्रॉकात. तिने कपाळावर हात मारला. ओल्या पोरांना हे कोरडे फ्रॉक संस्थाच घालायची! पोरीला कडेवर घेऊन ती न्हाणीघरात धावली. पोरीचा स्वतःचा, चिखलात माखलेला फ्रॉक बादलीत भिजत होता. लालच!

पुन्हा फोन लावून ती ओरडली, "त्या आईला फोन द्या!" आणि तिने फोन पोरीच्या कानाला लावला.

"चिंगे?" पलीकडून कापरा आवाज आला.

"आये!" तोवर शब्दही न बोललेली पोर फोनलाच बिलगली.

प्रणिताने डोळे पुसत गाडी बोलावली. दारात हॉर्न वाजला, तेव्हा ती धुतलेला फ्रॉक पंख्याखाली धरून उभी होती. "थांबा हो जरा, आईकडे आपल्याच कपड्यात जाऊ दे तिला."