अकराव्या कलमाची चूल

उदयनाथबाबू चपला दाराबाहेर काढून कुणाला काही न विचारता थेट चुलीपाशी जाऊन उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले. सकाळपासूनची ही एकोणिसावी चूल होती.

चिलिका सरोवराच्या काठची ही वसाहत वादळानंतर सरकारी निवारा निधीतून उभी राहिली होती. करारनाम्यातलं अकरावं कलम इथल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होतं. ज्याची चूल वेगळी त्यालाच वेगळं घर. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं निधीचा माणूस न सांगता येणार आणि चूल तपासणार. दोन घरांचं एकत्र शिजताना सापडलं, तर एक घर परत.

त्यामुळे जीप दिसली रे दिसली की म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या थंड चुलींत शेजारून आणलेली मूठभर राख पडायची. राखेत बोट घातलं की खाली गार माती लागायची. उदयनाथबाबू बोट झाडायचे, तक्त्यात ‘चूल वेगळी’ असं लिहायचे आणि उठायचे. निवृत्तीला चार महिने उरले होते. कुणाचं घर काढून घेण्याइतका उत्साह आता त्यांच्या अंगात नव्हता.

इथे त्यांनी बोट घातलं आणि चटकन मागे घेतलं. चांगलंच भाजलं होतं.

“जपून, बाबू,” दारात उभी असलेली कुंतला म्हणाली. “आत्ताच भात उतरवलाय.”

बोट तोंडात धरून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. एक पातेली, बूड काळंकुट्ट झालेली. एकच थाळी. कोपऱ्यात जाळायला आणलेला सुरूचा पाला. कालचा भात पाण्यात घालून झाकून ठेवलेला, वर एक कांदा. भिंतीपलीकडून मात्र मोहरी वाटून केलेल्या कोळंबीचा वास येत होता.

“मावशी, तुम्ही खरंच वेगळं शिजवता?”

“मग? कागदावर अंगठा दिलाय ना.”

“पलीकडे कोण राहतं?”

“मुलगा. बनमाळी. आणि सून.”

“भांडण झालंय का?”

“भांडण कसलं, बाबू,” कुंतला खाली बसत म्हणाली. “भांडण असतं तर एव्हाना मिटलं नसतं का?”

पहिल्या वर्षी ती तिकडेच जेवायची. चुलीत राख टाकायची आणि गप्प बसायची, सगळ्यांसारखी. मग उदयनाथबाबूंच्या आधीचे साहेब आले आणि कोपऱ्यावरच्या मायलेकांना एका पातेल्यातून जेवताना धरलं. म्हातारीच्या घराला टाळं लागलं. त्या रात्री बनमाळी म्हणाला, आई, आपण धोका नको पत्करायला. तू इथेच पेटव. सून सुरुवातीला पदराआड वाटी आणायची. मग जीप लागोपाठ दोनदा आली. वाटी बंद झाली. मग हाक बंद झाली, कारण हाक रस्त्यापर्यंत ऐकू जाते.

“आता तर सवयच झाली,” ती म्हणाली. “तिलाही आणि मलाही. कोळंबीचं काय एवढं. जेवताना समोर कुणी नसतं, तेवढंच जड जातं.”

उदयनाथबाबूंनी तक्ता उलटून ताब्याची तारीख पाहिली. मग बोटांवर महिने मोजले. मग पुन्हा पाहिली.

“मावशी, तुमची पाच वर्षं गेल्या मंगळवारी भरली. ही शेवटची तपासणी. यापुढे कुणी येणार नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे कलम संपलं. घर तुमचं. आज दुपारपासून तिकडे जेवलात तरी कुणी हूं की चूं करणार नाही.”

कुंतला पदराने तोंड पुसून म्हणाली, “तेवढं लिहून द्या, बाबू. मी नुसतं जाऊन सांगितलं, तर म्हणतील म्हातारी भुकेपोटी काहीबाही बोलते.”

असं लिहून द्यायला त्यांच्याकडे नमुना नव्हता. नमुने होते ते चूल वेगळी आढळल्याचे आणि न आढळल्याचे. त्यांनी वहीतला कोरा कागद फाडला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं: सदर लाभार्थी यापुढे मुलाकडे जेवू शकते. आपल्याच वाक्याकडे पाहून त्यांना लाज वाटली. तरी सही केली. तिने शिक्क्याकडे बोट दाखवलं, म्हणून शिक्काही मारला.

“तुम्हीच चला ना सोबत,” ती म्हणाली. कागद तिने दोन्ही हातांनी धरला होता. “तुम्ही सांगितलंत की विषय संपला.”

अंगण चार पावलांचंच होतं. पण पलीकडच्या दारापाशी येऊन कुंतला उदयनाथबाबूंच्या मागे थांबली आणि तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. पाहुणी आल्यासारखा.

सून मिनती दारातच मासे निवडत होती. तिला आधी साहेबांचे पाय दिसले, मग बगलेतला तक्ता, मग मागे सासू. तिने हात धुतले नाहीत की वर नीट पाहिलं नाही. उदयनाथबाबूंनी तोंड उघडायच्या आत तिने सुरू केलं.

“त्या वेगळ्या राहतात, बाबू. वेगळं शिजवतात. आमचा त्यांचा काही संबंध नाही.”

उदयनाथबाबू मागे वळले. आता मावशी कागद पुढे करील, असं त्यांना वाटलं.

कुंतलाने कागद छातीशी धरला होता. ती साहेबांकडे बघत सवयीने मान डोलावत होती.

“हो, बाबू,” ती म्हणाली. “वेगळीच राहते मी.”