उंदीरखाऊ आणि माकडखाऊ

कबर खणून झाली तरी कसुबा गाडीतून उतरेना.

“साहेब, दोनच मिनिटं बोला,” पक्षाचा सेक्रेटरी म्हणाला. “अख्खी खाण जमलीय. कॅमेरेही आलेत.”

काचेतून कसुबा एकाच माणसाकडे बघत होता. येरेमिया सोको मुलाच्या शवपेटीशेजारी उभा होता. टोपी हातात, पाठ ताठ. आज कसुबाला एवढंच हवं होतं, की सोकोने आपल्याला चारचौघांत शिवी हासडावी. चांगली सणसणीत, नेहमीसारखी.

सोको न्गोनी जमातीचा आणि कसुबा बेंबा. दोघांच्या पणजोबांनी कधीकाळी एकमेकांची डोकी फोडली होती, आणि पुढे त्याच भांडणातून दोन्ही जमातींमध्ये थट्टेचं नातं जुळलं होतं. बेंबाने न्गोनीला उंदीरखाऊ म्हणायचं, न्गोनीने बेंबाला माकडखाऊ. राग धरायचा नाही म्हणजे नाही! आणि मयताला तर थट्टा हवीच, तो या थट्टेच्या भावांचा हक्कच. कसुबाची आई गेली तेव्हा सोको सरळ तिच्या कबरीत उतरून आडवा झाला होता. “कोंबडी आणा! नाहीतर म्हातारीला जागा नाही!” रडता रडता बायका फिसकन हसल्या होत्या. कसुबाही हसला होता, आणि त्यानंतरच त्याला पोटभर रडता आलं होतं.

दोघं एकाच पाळीत तांबं फोडायचे. युनियनचा अध्यक्ष झाला कसुबा, पण घोषणा निघायच्या त्या सोकोच्या घशातून. मोठ्या संपात पोलिसांनी कसुबाला उचललं. कोठडीत तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, “ए माकडखाऊ! आत माकडं देतात का रे? का मी एखादं पकडून आणू?” सगळी कोठडी हसली. त्या दिवशी कसुबाने ठरवलं, आता मागे हटायचं नाही.

तो पार्लमेंटात गेला. मग विरोधी पक्षाचा नेता झाला, टीव्हीवर दिसायला लागला. वस्तीतली पोरंटोरंसुद्धा त्याला साहेब म्हणू लागली. सोको सोडून सगळी. भर सभेत तो खालून ओरडायचा, “ए, आवाज येत नाही! घशात शेपूट अडकलं का?”

सेक्रेटरीचं डोकं फिरायचं. “अहो, नेत्यांना जरा मान देऊन बोला.”

“मान?” सोकोने डोळे मोठे केले होते. “मान द्यायला हा काय परका आहे?”

गेल्या महिन्यात हाच सोको पक्षाच्या ऑफिसात आला होता. खुर्चीवर बसलाच नाही. “तीन नंबरच्या बोगद्याचं छत करकरतंय,” तो म्हणाला. “पोरं खाली उतरायला तयार नाहीत. आमचा दालित्सोपण घाबरलाय. तू हो म्हण, उद्याच संप करतो.”

सेक्रेटरीने टेबलाखालून कसुबाचा पाय दाबला. आता संप झाला असता, तर सरकारला निवडणूक पुढे ढकलायला आयतंच कारण मिळालं असतं. हे खरंच होतं. छत करकरतंय हेही खरं होतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या कसुबाला विचार करायला क्षणही लागला नसता.

“मतदानापर्यंत थांबा,” कसुबा म्हणाला. “मग मी स्वतः बघतो. पोरांना सांग खाली उतरा, मी सांगितलंय म्हणून.”

सोकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. “तू सांगतोस ना? मग झालं.” दारात तो वळला. “आणि जिंकलास तर राजधानीतली जाडी माकडं एकटाच खाऊ नकोस.”

पोरं खाली उतरली. सोकोचा पोरगा दालित्सो पुढे होता. छत त्याच्यावरच आलं.

शेवटी कसुबाने गाडीचं दार उघडलं. गर्दी दुभंगली. कोणी हात पुढे केला नाही, कोणी तोंडही फिरवलं नाही. सेक्रेटरी मागून कुजबुजत राहिला. कसुबा सरळ कबरीपाशी गेला आणि सुटाबुटासकट आत उतरला. ओली लाल माती बुटांत शिरली. तो आडवा झाला. वर आभाळाचा एक लांबट तुकडा दिसत होता.

“ए उंदीरखाऊ!” तो ओरडला. आवाज मध्येच फाटला. “मी नाही उठणार! आधी मला एक लठ्ठ उंदीर भाजून आण! मगच तुझ्या पोराला जागा!”

कोणीच हसलं नाही. बायकांचं रडणंसुद्धा थांबलं. सगळ्यांनी सोकोकडे पाहिलं. आता त्याने तंगडी धरून कसुबाला बाहेर खेचायचं होतं. ‘ऊठ रे माकडखाऊ, माझ्या पोराची कबर घाण केलीस,’ असं बोंबलायचं होतं. कसुबा डोळे मिटून वाट बघत राहिला. ये. शिवी दे. लाथ घाल. काहीही कर.

पावलं कडेपर्यंत आली आणि थांबली. कसुबाने डोळे उघडले.

सोको हळूच उकिडवा बसला. राजापुढे किंवा परगावच्या बड्या पाहुण्यापुढे करतात तसे त्याने दोन्ही तळहात खोलगट केले आणि अगदी हलक्या टाळ्या वाजवल्या. नजर मातीकडे होती.

“साहेब,” तो म्हणाला, “वर या तुम्ही. कपडे खराब होतील.”