पाणी काढलंय

आमच्या पॅसेजच्या छतातून फक्त सकाळीच गळायचं. प्लंबरनं पाइप तपासले आणि वर बोट दाखवलं. वर मांडकेकाकू एकट्याच राहतात. "मला मेलीला अर्धी बादली पुरते, माझ्याकडून कसलं गळतंय?" असं म्हणून त्या उडवून लावायच्या.

आज पहिला थेंब डोक्यावर पडला आणि मी तावातावानं वर गेलो. दुधासाठी दार उघडंच होतं. बाथरूममध्ये नळाखालची बादली भरून वाहत होती, दांडीवर काकांचा पंचा होता. काकू बेडरूमच्या दारात उभ्या होत्या. समोरच्या पलंगावरची चादर जराही विस्कटलेली नव्हती. काका दिवाळीतच गेले.

मी नळ बंद केला, तशा त्या दचकल्या.

"उठले की आधी ह्यांच्या आंघोळीचं पाणी काढायची सवय," त्या म्हणाल्या. "उठवायला इथवर येते. 'अहो, पाणी काढलंय' म्हणून झाल्यावर आठवतं. मग पाय उचलतच नाहीत रे."

खाली आलो. "सापडलं का, कुठून गळतंय ते?" बायकोनं विचारलं.

मी आमची बादली उचलली आणि पॅसेजमध्ये थेंबांखाली ठेवली.