घरचा माल

डॉक्टरांनी बाबांना रोज फळं खायला सांगितलं, म्हणून लेक परगावाहून सफरचंदांच्या पेट्या धाडायची. सुट्टीत घरी आली, तर पलंगाखाली पेट्या जशाच्या तशा. "बाबा, खात का नाही?" "इतका चांगला माल घरात कुणी खातं का?" बाबांनी चाळीस वर्षं फळं विकलेली. चांगलं गिऱ्हाइकाचं, डागी घरचं, हा त्यांचा नियम. दुकान सुटलं, नियम नाही. लहानपणी रोज संध्याकाळी डागाची बाजू ते खायचे आणि चांगली फोड तिच्या तळहातावर ठेवायचे. ती गोडी पुढे कुठल्याच फळात सापडली नाही. पेटीतलं सर्वांत देखणं सफरचंद तिने उचलून फरशीवर सोडलं. "डागी झालं, बाबा. आता कोण घेणार?" हळहळत बाबांनी सुरी काढली. डागाची बाजू स्वतः खाल्ली. तिचा तळहात आधीच पुढे होता. फोड खाऊन तिने दुसरं सफरचंद उचललं.